लोहारपुत्र मायकेल फॅराडे

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत एका आंग्ल शास्त्रज्ञाचे चरित्र पाहून कित्येक ज्ञातिबांधवांस नवल वाटेल. परंतु मायकेल फॅराडे हे लोहाराचे पुत्र होत, आणि त्यांच्या संशोधनाचा एक धागा आपल्या मुलखापर्यंत येऊन पोहोचतो, हे कळल्यावर ते नवल ओसरेल.

फॅराडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत. पण प्रकृती क्षीण, त्यामुळे घरी दारिद्र्य. मुलाचे शिक्षण लिहिणे, वाचणे व हिशेब यांपलीकडे फारसे गेले नाही. चौदाव्या वर्षी ते एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार राहिले, आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचूनही काढू लागले. शास्त्रीय व्याख्यानांची एक शिलिंग फी लोहारकाम करणारे थोरले बंधू रॉबर्ट भरीत. १८१२ मध्ये सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून फॅराडे यांनी आपली टिपणे स्वहस्ते बांधून त्यांच्याकडे पाठविली, व पुढील वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते डेव्हींचे साहाय्यक झाले.

पुढे शस्त्रक्रियेची हत्यारे घडविणारे जेम्स स्टोडार्ट यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये विलायतेस हिंदी पोलाद पाठविले होते. तिकडे त्यास वुट्झ म्हणत. स्टोडार्ट यांनी ते युरोपातील पोलादाहून सरस ठरविले. अशा पोलादाच्या तलवारीस आम्लाचे पाणी दिले की पात्यावर लहरींसारखी नक्षी उमटे, तीच जौहर. जावा बेटातील कट्यारींवरही नक्षी असते, पण ती निरनिराळ्या लोखंडांचे पदर एकत्र घडवून आणलेली. आपल्याकडील जौहर मुशीतील पोलादाच्या अंगचेच.

ते कशाने येते याचा शोध फॅराडे यांनी १८१९ मध्ये आरंभिला. त्यांनी पृथक्करण करून अल्युमिनियमच्या अंशास कारण मानले. चांदी, प्लॅटिनम मिसळून नवी पोलादे वितळविली. कारण मात्र चुकले. पोलादातील विपुल कर्ब आणि मूस सावकाश निवविण्याची रीत यांत ते होते, हे मागाहून कळले.

त्याच काळी आपल्या नांदेडहून आग्नेयेस, आज तेलंगणात असलेल्या निजामाबादच्या बाजूस, कोनसमुद्रम् गावी लोहार कारागीर हेच पोलाद करीत होते. लोखंडाचे तुकडे मुशीत घालावयाचे, तोंड मातीने लिंपावयाचे आणि भट्टी रात्रंदिवस फुंकावयाची. इराणचे व्यापारी ते नेण्यास तेथे येत. हेन्री व्हॉयसी या भूगर्भशास्त्रज्ञाने पाहिलेले हे काम १८३२ मध्ये छापून आले. भट्ट्या कधीच विझल्या. कारागिरांची विद्या त्यांच्या डोळ्यांत व हातांत होती. ती त्यांच्याबरोबर गेली.

उलट फॅराडे यांचा चुकलेला प्रयोगही राहिला, कारण त्यांनी तो लिहून ठेवला. त्यांच्या पोलादाचे ७९ नमुने एका लाकडी पेटीत शतकभर टिकले, व रॉबर्ट हॅडफील्ड यांनी त्यांची परीक्षा करून १९३१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला.

१८३१ मध्ये फॅराडे यांनी चुंबकाच्या योगे वीज निर्माण करून दाखविली आणि त्यांचे नाव जगभर झाले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. १८४१ मध्ये स्वित्झर्लंडात खिळे घडविणारे कारागीर पाहताच त्यांना वडिलांची आठवण झाली, आणि आपण लोहाराचे पुत्र आहोत हे त्यांनी प्रेमाने रोजनिशीत नोंदविले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते निवर्तले.

आम्ही लातूरकडील एका खेड्यात भात्याची दोरी ओढीत वाढलो आणि आयुष्यभर शाळेत फॅराडे शिकविले. डायनामो शिकविला, ते लोहारपुत्र होते, हे मात्र मुलांस कधी सांगितले नाही. सांगितले असते तर आमचेही घर विचारले जाईल, अशी लाज होती. आमचे वडील तापल्या लोखंडाचा रंग पाहून विळ्यास पाणी देत. तो रंग कोणता, हे आम्ही त्यांस कधी विचारले नाही, आणि आता विचारावयास ते नाहीत.

ज्यांच्या घरी असे वडीलधारे अद्याप आहेत, त्यांनी यंदा एक वही घ्यावी आणि त्यांच्याजवळ बसावे, एवढीच आमची विनंती.