खंड न पडू देणारा माणूस

सर्व्हर हा शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांत पोचला आहे. पण तो कानावर पडतो तो बहुधा बंद पडल्यावरच. सातबाऱ्याचा उतारा काढायला तालुक्याला गेलेला माणूस सर्व्हर डाऊन असल्याचे ऐकून दोन तास बाकावर बसतो, एसटी चुकवतो आणि त्या न पाहिलेल्या यंत्राला चार शब्द ऐकवून घरी येतो. चालू असताना त्याची आठवण कुणाला होत नाही आणि तशी ती होऊही नये. सर्व्हर म्हणजे न झोपणारा संगणक. लोकांच्या नोंदी सांभाळायच्या आणि मागेल त्याला त्या अचूक द्यायच्या, एवढेच त्याचे काम.

ओरोसला एका कार्यालयात अशा यंत्रांची देखभाल मी करतो. आमच्या सिंधुदुर्गनगरीत जून महिना उजाडला की विजेचा लपंडाव सुरू होतो. हवेत ओल दाटते, विजा कडाडतात आणि बॅटऱ्या, जनरेटर, नोंदींच्या जादा प्रती यांचे खरे मोल त्या दिवसांत कळते. या व्यवसायात येणाऱ्या नव्या मुलांना मी एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याने संगणक कधी पाहिला नाही. तरी नोंदीत खंड पडू न देणे म्हणजे काय, हे याच कोकणच्या किनाऱ्यावर त्याने दाखवून दिले. त्याचे नाव नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अभ्यास करणाऱ्यांत हे नाव जगभर माहीत आहे.

नानाभाईंची गोष्ट सुरू होते ती मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपासून. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली ती स्थापली. आमच्या जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर, मराठी वृत्तपत्राचे जनक, यांनीही काही काळ तिचा कारभार पाहिला होता. तेथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली आणि 1846 पासून ती दर तासाला होऊ लागली. दोऱ्याला टांगलेले चुंबक किती हलले हे डोळ्यांनी पाहायचे आणि वहीत लिहायचे. दिवस असो, रात्र असो, घड्याळाचा ठोका चुकवायचा नाही.

या कंटाळवाण्या कामाचे चीज 1859 च्या सप्टेंबरात झाले. सूर्यावरच्या एका प्रचंड उद्रेकामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वादळ उठले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या दिवशी कुलाब्यातले चुंबक भलतेच हलले आणि पहाऱ्यावरच्या माणसांनी ते नेमके टिपून ठेवले. योगायोग असा की, त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला नानाभाईंचा जन्म झाला.

पारशी कुटुंबातल्या या मुलाने पुण्याला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि पुढे स्कॉटलंडमध्ये एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानाची पदवी मिळवली. परत आल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केले. 1896 साली चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या खुर्चीवर कायम नेमणुकीने बसलेले ते पहिले भारतीय. मुंबईत प्लेग शिरला तो याच वर्षी. लोक शहर सोडून पळत होते, पण वेधशाळेतल्या नोंदी चालूच राहिल्या. 1898 च्या सुमारास नानाभाईंनी तेथे भूकंपमापक यंत्रही बसवले.

खरे संकट आले ते प्रगतीच्या रूपाने. 1874 पासून मुंबईत ट्राम घोडे ओढत होते. 1900 साली ती विजेवर चालवण्याचे ठरले. शहराच्या दृष्टीने ही आनंदाचीच वार्ता होती. वेधशाळेला मात्र ती घातक होती. ट्रामची वीज रुळांतून आणि जमिनीतून परत फिरते, आणि त्या प्रवाहाने शेजारचे चुंबक हलते. मग सुई सूर्यामुळे हलली की कुलाब्याच्या नाक्यावरून ट्राम गेली म्हणून हलली, हे ओळखायचे कसे? नोंद होत राहिली असती, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. आमच्या व्यवसायात बंद पडलेल्या यंत्रापेक्षा अशा यंत्राची भीती जास्त वाटते. बंद यंत्र निदान बंद असल्याचे कळते. बिनबोभाट चुकीचे उत्तर देणारे यंत्र वर्षानुवर्षे फसवत राहते.

नानाभाईंनी शहराशी भांडण मांडले नाही. त्यांनी वेधशाळेतली चुंबकीय मोजणी हलवायचे ठरवले. जागा हवी होती ती ट्रामच्या त्रासापासून दूर, पण इतकी दूर नको की नोंदींचा मेळ बसू नये. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवरचे अलिबाग त्यांनी निवडले. तेथे बांधलेल्या इमारतीत लोखंड कटाक्षाने टाळले. चुंबकावर परिणाम न करणारा पोरबंदरी दगड आणून वापरला. खोलीतले तापमान फारसे बदलू नये, अशी रचना केली. आजच्या सर्व्हर-खोलीत थंडावा, धूळ, वीज आणि आत येणाऱ्या माणसांवरचा निर्बंध यांची जी काळजी घेतात, तीच ही दृष्टी.

पण नानाभाईंचे मोठेपण मला इमारतीपेक्षा पुढच्या दोन वर्षांत दिसते. 1904 साली अलिबागची यंत्रे चालू झाली, तरी त्यांनी कुलाब्याची बंद केली नाहीत. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी होत राहिल्या. दुप्पट माणसे, दुप्पट वह्या, दुप्पट खर्च. बाहेरून पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटली असती. पण दोन जागांच्या आकड्यांत नेमका किती फरक पडतो, हे त्यामुळेच कळले आणि जुनी मालिका नव्या मालिकेला पक्की जोडली गेली. विजेची ट्राम मुंबईत प्रत्यक्ष धावली ती 1907 साली. तोवर चुंबकांचे बिऱ्हाड अलिबागला सुखरूप लागले होते.

नवे चालू झाले म्हणून जुने लगेच बंद करू नये, दोघांचा ताळा जुळेपर्यंत दोन्ही चालवावीत, हा नियम आज सर्व्हर बदलताना जगभर पाळला जातो. आम्हीही यंत्रे बदलली तेव्हा महिनाभर जुनी-नवी शेजारी शेजारी चालवली. वीजबिल पाहून वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा मला अलिबागची आठवण झाली.

1910 साली नानाभाईंनी 1846 ते 1905 या साठ वर्षांच्या नोंदी दोन जाड खंडांत छापून काढल्या. एकाच जागी ठेवलेली वही वाळवी खाते, पुरात जाते. छापलेली प्रत देशोदेशींच्या ग्रंथालयांत राहते. याला आज आम्ही बॅकअप म्हणतो. 1919 साली ते निवृत्त झाले आणि 20 फेब्रुवारी 1936 रोजी वारले.

त्यांच्या मागे या नोंदींचे मोल वाढतच गेले. 13 मार्च 1989 रोजी सूर्यावरून आलेल्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज घालवली. सुमारे साठ लाख माणसे नऊ तास अंधारात होती. वीजवाहिन्या, उपग्रह आणि त्यांच्या आधारे चालणारे सर्व्हर यांना अशा वादळाचा धोका किती, हे ठरवायचे तर आजवरचे मोठे वादळ केवढे होते ते माहीत हवे. 2003 साली संशोधकांनी त्यासाठी कुलाब्याच्या 1859 च्या नोंदी उघडल्या. नेहमीच्या शांत दिवशी जे क्षेत्र काही दशक नॅनोटेस्लांनी बदलते, ते त्या दिवशी सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी खाली आले होते. रात्रपाळी करणाऱ्या त्या माणसांनी दीडशे वर्षांनंतरच्या जगाला मोजपट्टी पुरवली.

10 आणि 11 मे 2024 ला पुन्हा मोठे सौरवादळ आले. लडाखमध्ये हानळेचे आकाश तांबडे झाले. अलिबागची वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि मोजणी चालू आहे. समुद्रावर फिरायला येणाऱ्या पर्यटकांपैकी बहुतेकांना ती ठाऊक नसते. ती ठाऊक होण्यासारखे तेथे काही घडतच नाही, हीच नानाभाईंच्या कामाची पावती.