हॅरल्ड ब्लॅक : निर्मळ आवाजासाठी शक्ती सोडणारा अभियंता

श्रूजबरीहून रूट ९ ने पश्चिमेला निघालो, की क्विन्सिगामंड तलावावरचा पूल ओलांडताच वूस्टर लागते. तेथील वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमधून १९२१ साली हॅरल्ड स्टीफन ब्लॅक विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९८ चा, उत्तरेकडील लेमिन्स्टर गावचा. आपल्या दिवाणखान्यात कोणताही ॲम्प्लिफायर बहुतेक कोणत्याही स्पीकरशी जुळवून घेतो, त्यामागे याच गृहस्थांची कल्पना आहे.

पदवीनंतर ब्लॅक न्यूयॉर्कला वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये रुजू झाले. तेथील संशोधनकार्यच १९२५ पासून बेल लॅबोरेटरीज या नावाने चालू लागले. त्यांच्यापुढे प्रश्न होता दूरध्वनीचा. लांबच्या तारेत क्षीण होणारा आवाज ठिकठिकाणी ॲम्प्लिफायर बसवून वाढवावा लागे. परंतु निर्वात नळी आवाज वाढवताना तो थोडा बिघडवीही, आणि एका ठाण्यावरची विकृती पुढच्या ठाण्यावर अधिकच वाढे. उत्तम नळी घडवण्याचे प्रयत्न चालूच होते. ब्लॅक यांनी मात्र प्रश्नच बदलला. नळी सदोष राहणारच, असे धरून तिचा दोष वजा कसा करावा, याचा ते विचार करू लागले. १९२३ मध्ये त्यांना एक उपाय सापडला. तो चाले, पण त्याची नाजूक जुळणी सतत राखावी लागे.

२ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर जाताना त्यांना उत्तर सुचले. बाहेर पडणाऱ्या विद्युत्‌संकेताचा काही अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा! हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्यांनी आकृती व समीकरणे मांडली आणि खाली सही केली. या युक्तीने ॲम्प्लिफायरची वर्धनशक्ती पुष्कळ घटते. पण विकृतीही त्याच प्रमाणात घटते. २९ डिसेंबर १९२७ च्या चाचणीत ती एक लाखांश इतकी खाली आली.

१९२८ साली केलेल्या अर्जावर पेटंट मिळाले २१ डिसेंबर १९३७ रोजी. कष्टाने मिळवलेली शक्ती कोणी आपणहून सोडून देईल, हे परीक्षकांना पटेना. शिवाय परत फिरवलेला आवाज ओरडतो, हा सर्वांचा अनुभव. गणेशोत्सवाच्या मांडवात माइक स्पीकरसमोर गेला की उठणारी शीळ आठवावी. ही शीळ केव्हा उठते आणि केव्हा नाही, याचे गणित त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये मांडले.

घरगुती संगीतात ही युक्ती ठळकपणे दिसली ती इंग्लंडच्या विल्यमसन यांच्या १९४७ मधील ॲम्प्लिफायरने. स्पीकरवर ८ ओहम असे लिहिलेले असले, तरी तो आकडा नाममात्र. प्रत्येक स्वरासाठी स्पीकरचा विद्युत्‌विरोध बदलतो. निगेटिव्ह फीडबॅकमुळे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा विरोध अगदी अल्प, बहुधा ०.१ ओहमच्याही आत राहतो. त्यामुळे स्पीकरचा विरोध वरखाली झाला तरी त्याला मिळणारा दाब ढळत नाही. म्हणजे येथे जुळणी विरोध समान असण्यात नसून, एक दुसऱ्यापेक्षा फार लहान असण्यात आहे.

मग आपण मध्ये बारीक वायर घालतो. ०.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर सहा मीटर ओढली, तर जाऊनयेऊन सुमारे ०.४ ओहम विरोध वाढतो, आणि कमावलेले बरेचसे तेथेच गळते. २.५ चौरस मिलिमीटरची साधी वायर घेतली, तर तोच ०.०८ वर येतो. सोन्याच्या मुलाम्यावर पैसे उधळणाऱ्यांनी आधी जाडी पाहावी, असे आमचे मत आहे.

ब्लॅक १९६३ मध्ये बेलमधून निवृत्त झाले. १९८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला. ११ डिसेंबर १९८३ रोजी न्यू जर्सीतील समिट येथे त्यांचे निधन झाले.