लिलियन हेलमन : लोभ आणि मौन

अमेरिकन नाटककार लिलियन हेलमन यांचा जन्म २० जून १९०५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचा पादत्राणांचा धंदा बुडालेला, तर आईचे माहेर अलाबामातील डेमॉपोलिसचे, गडगंज. वर्षातील निम्मा काळ न्यू ऑर्लिन्सला आत्यांच्या खाणावळीत व निम्मा न्यूयॉर्कला, असे त्यांचे बालपण गेले. आजोळच्या पंगतींत चालणारी पैशाची बोलणी त्यांच्या कानांवर पडली ती याच वयात.

१९३० मध्ये रहस्यकथाकार डॅशिएल हॅमेट यांच्याशी त्यांचा परिचय झाला. ते सहजीवन, काही खंड वगळता, हॅमेट यांच्या १९६१ मधील मृत्यूपर्यंत टिकले. ‘द चिल्ड्रन्स अवर’ (१९३४) या पहिल्याच नाटकाने हेलमन प्रसिद्धीस आल्या.

‘द लिट्ल फॉक्सेस’ हे नाटक १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले व त्याचे ४१० प्रयोग झाले. १९०० सालच्या दक्षिणेकडील एका गावात हबर्ड बंधू व त्यांची बहीण रेजिना कापड गिरणीच्या नफ्यावर टपलेली आहेत. रेजिनाचा हृदयविकारी पती होरेस भांडवल देण्यास नकार देतो, तेव्हा त्याचे रोखे चोरले जातात. पुढे झटका येऊन तो औषध मागतो. रेजिना जागची हलत नाही. पतीच्या मृत्यूनंतर चोरीचा धाक घालून ती भावांकडून ७५ टक्के वाटा पदरात पाडून घेते. तिची मुलगी मात्र घर सोडून जाते.

विल्यम वायलर दिग्दर्शित चित्रपटाची (१९४१) पटकथाही मुख्यतः हेलमन यांचीच. त्यात औषधासाठी जिन्याकडे धडपडणारा होरेस पार्श्वभूमीवर अस्पष्ट दिसतो आणि समोर दिसतो तो बेटी डेव्हिसचा निश्चल चेहरा. लुटणाऱ्यांइतकेच लूट पाहत स्वस्थ बसणारेही दोषी, हा या नाटकाचा गाभा पडद्यावरही तसाच उतरला. पुढे ‘अनदर पार्ट ऑफ द फॉरेस्ट’ (१९४६) मध्ये हेलमन यांनी हबर्ड घराण्याच्या संपत्तीचे मूळ शोधले. ते यादवी युद्धकाळातील मिठाच्या नफेखोरीत निघाले.

हीच कसोटी त्यांच्या आयुष्यालाही लागली. १९५२ मध्ये अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे त्यांनी स्वतःविषयी बोलण्याची तयारी दर्शविली, परंतु इतरांची नावे सांगण्यास नकार दिला. या काळात त्यांना चित्रपटसृष्टीतील काम गमवावे लागले आणि शेतवाडी विकावी लागली. मात्र याच लेखिकेने १९३८ मध्ये मॉस्को खटल्यांच्या निकालांचे समर्थन करणाऱ्या पत्रकावर सही केली होती व स्टालिनच्या अत्याचारांविषयी त्या दीर्घकाळ गप्प राहिल्या होत्या. आपल्याला उशिरा जाग आली, हे त्यांनी पुढे मान्य केले.

उत्तरायुष्यातील आठवणींच्या पुस्तकांपैकी ‘ॲन अनफिनिश्ड वूमन’ (१९६९) ला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार लाभला. ‘पेंटिमेंटो’ (१९७३) मधील ‘ज्युलिया’ या प्रकरणाच्या सत्यतेविषयी मात्र तीव्र शंका घेतल्या गेल्या. १९८० मध्ये लेखिका मेरी मॅकार्थी यांनी त्यांच्या सचोटीवरच जाहीर आक्षेप घेतल्यावर हेलमन यांनी बदनामीचा दावा लावला. तो निकाली निघण्यापूर्वीच, ३० जून १९८४ रोजी, मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर त्यांचे निधन झाले.

आठवणींच्या खरेपणाचा वाद त्यांच्यामागेही चालू राहिला. परंतु औषध न आणता बसून राहिलेल्या रेजिनाच्या रूपाने हेलमन यांनी मौनावर जो आरोप ठेवला, त्याचे बळ त्यामुळे उणावत नाही. तो आरोप खुद्द लेखिकेलाही चुकला नाही.