विश्लेषण : जँगो राइनहार्टने अकूस्टिक गिटार अ‍ॅम्पला का जोडली?

अकूस्टिक गिटार इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली की आवाज फक्त मोठा होतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आवाजाचा पोतच बदलतो आणि हळूहळू वाजवणाराही बदलतो. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे युरोपीय जॅझचा सर्वात मोठा गिटारवादक जँगो राइनहार्ट. त्याचे कित्येक चाहते त्याच्या शेवटच्या सहा-सात वर्षांतील वादनाकडे आजही नाक मुरडून पाहतात. ते योग्य आहे का?

दोन बोटांचा वादक कसा घडला?

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधील लिबेर्शी गावी, मानूश या भटक्या रोमा समाजात झाला. बालपण पॅरिसच्या वेशीबाहेरील तळांवर गेले. बाराव्या वर्षाच्या सुमारास हाती बँजो आला आणि लवकरच तो नृत्यगृहांत अकॉर्डियनची साथ करू लागला. अकॉर्डियन म्हणजे आपल्या पेटीची दांडगी बहीण. तिच्यापुढे तारांचा आवाज टिकवायचा तर नखीचा आघात जबरदस्त हवा. जँगोचा उजवा हात तिथे तयार झाला.

२ नोव्हेंबर १९२८ च्या रात्री त्याच्या घरगाडीला आग लागली. विक्रीसाठी ठेवलेल्या सेल्युलॉइडच्या फुलांनी क्षणात पेट घेतला. तो वाचला, पण डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. अठराव्या वर्षी वादकाचे आयुष्य संपल्यात जमा होते. अंथरुणातच त्याने उरलेल्या दोन बोटांनी गिटार नव्याने शिकायला घेतली. सुरावटी त्या दोनच बोटांनी. आखडलेली बोटे फार तर स्वरसंघात टेकवायची.

एका वाद्यवृंदात तीन गिटार कशासाठी?

१९३४ मध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली आणि जँगो यांचा ‘हॉट क्लब’ पंचक उभा राहिला. एक व्हायोलिन, एक डबल बास आणि तीन गिटार. ड्रम नाही, पितळी वाद्ये नाहीत. जँगो एकल वाजवू लागला की ताल सांभाळायला दोन गिटार उरत. त्याची सेल्मर गिटारही आवाज दूरवर फेकण्यासाठीच घडवलेली होती. ती तीक्ष्ण, कडक बोलते, मात्र स्वर चटकन विरतो. जँगोच्या वेगवान तानांमागे हेही एक कारण मानता येईल.

१९३९ मध्ये युद्ध पेटले. ग्रापेली लंडनमध्ये राहिला, जँगो पॅरिसला परतला. पंचकात व्हायोलिनऐवजी क्लॅरिनेट आले आणि सोबत ड्रमही. नाझी राजवट रोमांचा संहार करत असताना तो पॅरिसमध्ये लोकप्रियतेच्या शिखरावर होता. ही विसंगती त्यालाही भेडसावत असावी. १९४३ मध्ये स्वित्झर्लंडला निसटण्याचा त्याचा प्रयत्न फसला.

अमेरिकेत काय घडले?

१९४६ च्या अखेरीस तो ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यासोबत अमेरिकेत वाजवायला गेला, तोही आपली गिटार न घेता. तिथले कारखानदार गिटार घेऊन रांग लावतील, अशी त्याची कल्पना होती म्हणतात. रांग लागली नाही. हाती आली ती गिब्सनची इलेक्ट्रिक गिटार. कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या रात्री तो उशिरा पोहोचला आणि टीकेचा धनी झाला. १९४७ च्या सुरुवातीला तो काहीसा निराश होऊनच परतला. पण अ‍ॅम्प त्याच्या डोक्यात राहिला.

सेल्मरला चुंबक लावल्यावर काय झाले?

इव्ह गेन या फ्रेंच तंत्रज्ञाचा ‘स्टिमेर’ पिकअप त्याने सेल्मरवर बसवला. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. वर पोलादी तार थरथरली की तिच्यात सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि अ‍ॅम्प तो वाढवतो. म्हणजे लाकडाचे बोलणे बरेचसे मागे पडते, तार तेवढी बोलते. इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर अगदी वरचे, बारीक कंप फारसे देतच नाही. व्हॉल्व्हवर ताण आला की स्वराला किंचित खरखर येते. शिवाय आवाज फार वाढवला, तर गिटारची पातळ फळी स्पीकरच्याच आवाजाने थरथरू लागते आणि घुमणारा फीडबॅक सुरू होतो.

एवढे सोसून मिळाले काय? स्वर लांबवण्याची मुभा. ड्रमशी झगडायची गरज संपली, तेव्हा जँगो मधे थांबू लागला, एखादाच स्वर सोडून देऊ लागला. नव्या बीबॉप शैलीतले तरुण वादक त्याने सोबत घेतले. चमकदार तानांची सवय झालेल्यांना हा जँगो परका वाटला. खरे तर दोन बोटांच्या वादकाला लांब स्वर मिळणे, हा त्याचा दुसरा जन्म होता.

१९५१ पासून तो सामोआ-सुर-सेन या गावी राहू लागला. त्याचे ‘न्युआज’ १९४० च्या आणि मार्च १९५३ च्या ध्वनिमुद्रणांत लागोपाठ ऐकावे. इअरफोन लावून, फोनच्या स्पीकरवर नको. पहिल्यात क्लॅरिनेट आहे. दुसऱ्यात पियानो, बास, ड्रम आणि अ‍ॅम्पमधून येणारा जँगो. त्यानंतर दोन महिन्यांनी, १६ मे १९५३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने तो गेला. तेव्हा तो ४३ वर्षांचा होता.