हॅरी हॅमंड हेस

हॅरी हॅमंड हेस (२४ मे, १९०६, न्यू यॉर्क – २५ ऑगस्ट, १९६९, वुड्स होल, मॅसॅच्युसेट्स) हे अमेरिकन भूवैज्ञानिक होते. सागरतळ-प्रसरणाच्या संकल्पनेचे एक जनक म्हणून ते ओळखले जातात. महासागरांखालील प्रावरणातून भूकंपलहरी सर्व दिशांना सारख्या वेगाने जात नाहीत, या निरीक्षणाचा अर्थ त्यांनी १९६४ साली विशद केला. प्रत्यक्ष हाती न लागणाऱ्या प्रावरणातील हालचालींचा माग घेण्याची एक वाट त्यामुळे मोकळी झाली.

शिक्षण व प्रारंभीचे कार्य

हेस यांनी येल विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. परंतु लवकरच ते भूविज्ञानाकडे वळले आणि १९२७ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर सुमारे दोन वर्षे त्यांनी आफ्रिकेतील उत्तर ऱ्होडेशियात (आताचा झांबिया) खनिजांचा शोध घेण्याचे काम केले. १९३२ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवल्यावर १९३४ पासून ते तेथेच अध्यापन करू लागले. १९५० ते १९६६ या काळात ते भूविज्ञान विभागाचे प्रमुख होते.

पेरिडोटाइट हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. ऑलिव्हीन हे खनिज विपुल असलेला हा जड, हिरवट खडक प्रावरणाच्या वरच्या भागाचा मुख्य घटक मानला जातो. डच भूभौतिकीविज्ञ फेलिक्स व्हेनिंग मायनेझ यांच्या पद्धतीने पाणबुडीतून केलेल्या गुरुत्वमापनातही हेस यांनी भाग घेतला. खोल सागरी खंदकांविषयीचे त्यांचे कुतूहल या कामातून वाढले.

युद्धकाळ आणि सपाट माथ्याचे पर्वत

हेस नौदलाच्या राखीव दलात अधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धात ‘केप जॉन्सन’ या सैन्यवाहू जहाजाचे नेतृत्व करीत असताना त्यांनी प्रतिध्वनीच्या साहाय्याने खोली मोजणारे यंत्र प्रवासात चालू ठेवले. पॅसिफिकच्या तळाच्या या नोंदींत पाण्यात बुडालेले, सपाट माथ्याचे पर्वत आढळले. १९४६ मध्ये त्यांनी अशा सुमारे १६० पर्वतांची माहिती प्रसिद्ध केली आणि भूगोलज्ञ आर्नोल्ड गीयो यांच्या स्मरणार्थ त्यांना ‘गीयो’ हे नाव दिले. एके काळी लाटांनी झिजलेली ही बेटे इतक्या खोल कशी गेली, हा प्रश्न मात्र अनेक वर्षे अनुत्तरित राहिला.

सागरतळ-प्रसरण

१९६० मध्ये खाजगीरीत्या वितरित झालेला व १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेला महासागरी द्रोणींच्या इतिहासावरील त्यांचा निबंध हे या प्रश्नाचे उत्तर होते. प्रावरणातील द्रव्य मध्य-महासागरी पर्वतरांगांपाशी वर येते, नवा सागरतळ बनतो, तो दोन्ही बाजूंना सरकतो आणि अखेर खंदकांपाशी पुन्हा खाली जातो, असे त्यांनी मांडले. सागरतळावरील गाळाचा थर अपेक्षेपेक्षा पातळ का, हेही त्यातून स्पष्ट झाले. पुरावा अपुरा असल्याची जाणीव असल्याने त्यांनी या मांडणीला भूकाव्य म्हटले होते. सागरी कवच मुख्यतः सर्पेंटाइनयुक्त खडकाचे असते, हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही. मूळ कल्पना मात्र टिकली. १९६३ मध्ये फ्रेड व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी सागरतळावरील चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ याच कल्पनेच्या आधारे लावला.

भूकंपलहरींची विषमदिक्‌ता

प्रावरणाचा नमुना प्रत्यक्ष मिळावा, ही हेस यांची इच्छा होती. त्यासाठी आखलेल्या ‘मोहोल’ प्रकल्पाचे ते एक प्रवर्तक होते. १९६१ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादलूप बेटाजवळ सागरतळाखाली सुमारे १८३ मीटर वेधन झाले. परंतु प्रावरण तेथून कित्येक किलोमीटर खाली होते. वाढत्या खर्चामुळे १९६६ मध्ये प्रकल्प बंद पडला.

नमुन्याअभावी जे कळले नाही, त्यातील काही लहरींनी सांगितले. समुद्रात स्फोट घडवून केलेल्या मापनांत ईशान्य पॅसिफिकमधील प्रावरणात लहरींचा वेग दिशेनुसार बदलत असल्याचे दिसले. मोठ्या विभंग पट्ट्यांना समांतर दिशेत तो अधिक, तर काटकोनातील दिशेत कमी होता. पदार्थाच्या या गुणधर्माला विषमदिक्‌ता म्हणतात. ऑलिव्हीनच्या एका स्फटिकात दाबलहरींचा वेग एका अक्षावर सेकंदाला सुमारे ९.९ किलोमीटर, तर दुसऱ्यावर सुमारे ७.७ किलोमीटर असतो. स्फटिक अस्ताव्यस्त असतील तर हे फरक एकमेकांना झाकून टाकतात. ते एका दिशेला लागले असतील तरच संपूर्ण खडकात फरक जाणवतो. घन अवस्थेतच संथपणे वाहणाऱ्या प्रावरणात स्फटिकांची अशी मांडणी होते, असे हेस यांनी १९६४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रतिपादन केले. लहरींचा वेग हा अशा रीतीने खडकाच्या हालचालीचा साक्षीदार ठरला.

अखेरची वर्षे व वारसा

१९६२ पासून हेस अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अवकाश विज्ञान मंडळाचे अध्यक्ष होते. १९६६ मध्ये त्यांना पेनरोज पदक मिळाले. मानवाने चंद्रावर पाऊल ठेवल्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, मंडळाच्या बैठकीचे अध्यक्षस्थान भूषवीत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

पुढे आडव्या लहरींचे दोन घटकांत होणारे विभाजन मोजून खंडांखालील प्रावरणाचाही असाच अभ्यास सुरू झाला. १९८६ मध्ये पृथ्वीच्या अंतर्गाभ्यातही विषमदिक्‌ता असल्याचे दाखविण्यात आले. अमेरिकन भूभौतिकी संघ हेस यांच्या नावाने पदक प्रदान करतो.