मिनामाताचे डॉ. होसोकावा

जपानमधील मिनामाताचे डॉ. हाजिमे होसोकावा यांच्या नावाशी दोन परस्परविरोधी गोष्टी कायमच्या जोडल्या गेल्या आहेत. मिनामाता रोगाची पहिली अधिकृत नोंद त्यांच्या रुग्णालयाने केली आणि त्या रोगाचे मूळ हाती लागल्यावर दहा वर्षांहून अधिक काळ ते त्यांनी जाहीर केले नाही.

१९०१ मध्ये एहिमे प्रांतात जन्मलेले होसोकावा टोकियोत डॉक्टर झाले आणि चिस्सो या रसायन कंपनीच्या सेवेत रुजू झाले. मिनामाता हे चिस्सोच्याच जिवावर जगणारे गाव. कंपनीच्या तेथील रुग्णालयाचे होसोकावा प्रमुख होते. एप्रिल १९५६ मध्ये तेथे पाच वर्षांची एक मुलगी आणली गेली. तिला नीट चालता-बोलता येत नव्हते. पाठोपाठ तिची धाकटी बहीणही आली. कोळ्यांच्या वस्त्यांत असेच आणखी रुग्ण आढळले. तेथील मांजरेही झटके येऊन मरत होती. १ मे रोजी रुग्णालयाने या अनाकलनीय मज्जाविकाराची खबर आरोग्य कार्यालयाला दिली.

कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. चिस्सो १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइडच्या उत्पादनात पारा उत्प्रेरक म्हणून वापरत होती. सांडपाण्यावाटे समुद्रात गेलेला मेथिल पारा शिंपल्यांत आणि मासळीत साचला व कोळ्यांच्या ताटात पोचला. कंपनी मात्र हे मान्य करेना. होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला खाऊ घातले. त्या मांजराचा क्रमांक होता ४००. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यालाही तसेच झटके येऊ लागले. कंपनीने प्रयोग थांबवला आणि निष्कर्ष दडपला.

त्याच वर्षी ३० डिसेंबरला चिस्सोने रुग्णांशी करार केला. सांत्वनापोटी तुटपुंजी रक्कम मिळणार होती; पुढे कारखाना दोषी ठरला, तरी नवी भरपाई मागता येणार नव्हती. सह्या करणाऱ्यांना त्या मांजराची वार्ता नव्हती. होसोकावा १९६२ मध्ये निवृत्त झाले. १९६५ मध्ये निगाता येथे दुसऱ्या कंपनीच्या पाऱ्याने हाच रोग पुन्हा उद्भवला. मिनामातातील ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन बंद व्हायला १९६८ साल उजाडावे लागले.

अखेर जुलै १९७० मध्ये, कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या होसोकावांनी रुग्णशय्येवरूनच न्यायालयापुढे साक्ष दिली आणि मांजराचा प्रयोग उघड केला. त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतो न्यायालयाने चिस्सोला दोषी धरले आणि तो करारही अवैध ठरवला. हा निकाल ऐकायला डॉक्टर राहिले नव्हते.

पाऱ्याच्या वापरावर बंधने घालणाऱ्या २०१३ च्या जागतिक कराराला मिनामाताचेच नाव आहे. भारताने तो २०१८ मध्ये स्वीकारला. मात्र समुद्रात काय सोडले जाते, हे आजही सर्वांत आधी कळते ते कारखान्यात काम करणाऱ्यांनाच. त्यांना वेळीच बोलता यावे, हा होसोकावांच्या आयुष्याचा धडा आहे.