राजरत्न प्रा. माणिकराव



या अंकात आम्ही आपणांस बडोद्याच्या एका थोर मराठी व्यायामगुरूंची ओळख करून देत आहोत. माणिकरावांचे मूळ नाव गजानन यशवंत तांबे. त्यांचा जन्म १८७८ चा. बडोद्यात तेव्हा महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे राज्य होते. आपल्या सुरत जिल्ह्यातील कामरेज व पलसाणा हे भागही त्याच संस्थानात मोडत.

बडोद्यात जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद आखाडा चालवीत. माणिकराव त्यांचे शिष्य झाले. कसरत, कुस्ती, लाठी हे सर्व त्यांनी मन लावून आत्मसात केले. पुढे आखाड्याची जबाबदारी त्यांच्यावर आली, तेव्हा संस्थेला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. गुरूंच्या नावाने ती जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणून प्रसिद्ध झाली. धर्म वेगळा असला तरी गुरूचे ऋण कसे मानावे, हे त्यांनी कृतीतून दाखविले.

पूर्वी आखाडा म्हणजे निवडक पहिलवानांची जागा. अशक्त मुलगा तिकडे फिरकत नसे. माणिकरावांनी संघव्यायामाचा प्रसार केला. शेकडो मुलांनी रांगेत उभे राहून एका तालावर व्यायाम करावा, अशी ही पद्धत. त्यात बलवान आणि दुबळा शेजारी शेजारी उभे राहत. शाळांतील कवायत त्या काळी इंग्रजी हुकमांवर चाले. माणिकरावांनी हिंदी आज्ञा तयार केल्या. बडोद्यात घरी मराठी बोलणारी मुले होती, तशीच गुजराती बोलणारीही. हिंदी आज्ञा दोघांनाही आपली वाटे. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो, म्हणून या गोष्टीचे आम्हांस विशेष कौतुक आहे.

मोडलेली हाडे बसविण्याची विद्याही त्यांना अवगत होती. सुरतेत जन्मलेले अंबुभाई पुराणी व त्यांचे वडील बंधू छोटुभाई यांनी माणिकरावांकडून प्रेरणा घेतली आणि गुजरातभर व्यायामशाळांची चळवळ उभी केली. सयाजीराव महाराजांनी माणिकरावांना ‘राजरत्न’ हा किताब दिला. १९५४ साली त्यांचे निधन झाले.

आता थोडे आपल्या शाळेविषयी. परीक्षा जवळ आली की व्यायामाचा तास गणित-विज्ञानाला द्यावा, अशी सूचना काही पालक करतात. त्यांची काळजी आम्ही समजतो. परंतु वर्गात मुले हुशार आणि मागे अशी वेगळी होतात. मैदानावर सर्वांना एकमेकांसाठी थांबावे लागते, पाऊल जुळवावे लागते. आपली काही मुले खानदेशातून नुकतीच आली आहेत, काहींचे आजोबाही सुरतेतच वाढले. ही सर्व मुले एकमेकांत मिसळतात ती मैदानावरच. म्हणून व्यायामाचा तास दहावीलाही कायम राहील. त्या दिवशी मुलांना कॅनव्हासचे बूट घालून वेळेवर पाठवावे, ही पालकांना नम्र विनंती.